नस उडते, पण जोर गेला का?

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते कडक तापणारे नऊ दिवस, चालू होता. रात्री दीडच्या सुमाराला भाचा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. कूलरच्या घरघरीत त्याच्या पहिल्या दोन हाका मला ऐकूच आल्या नाहीत. एका हातात मोबाईलचा टॉर्च, एक पाय स्टुलावर. “मावशी, पाह्य ना. तीन हप्ते झाले, थांबूनच नाही राहिलं.”

पोटरीच्या कातडीखाली काहीतरी हलत होतं. भात रटरटायला लागला की वर बुडबुडे फुटतात ना, तसं. आत्ता इथे, मग दोन बोटं पलीकडे, मग पुन्हा पहिल्या जागी. पाय जागचा हलत नव्हता, दुखतही नव्हता. चोवीस वर्षांचा मुलगा, नागपूरच्या मिहान उद्योगनगरीत एका कंपनीत रात्रपाळी, सकाळी घरी यायच्या आधी जिम. सुरुवात डाव्या पापणीपासून झाली होती, मग अंगठ्याचं मूळ, मग दोन्ही पोटऱ्या. स्वतःच्या पायाचे चाळीसेक व्हिडिओ त्याने तारखेसकट जपून ठेवले होते. निदानही त्याने स्वतःच करून टाकलं होतं: एएलएस. मोटर न्यूरॉन डिसीजचा हा सर्वांत ठाऊक असलेला प्रकार. यात स्नायू एकेक करून निकामी होत जातात आणि त्याला पूर्ण बरं करणारा उपाय अजून नाही.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे. डॉक्टर नाही. त्या रात्री वहीच्या पानावर त्याला जे काढून दाखवलं आणि पुढे त्याच्यासोबत न्यूरॉलॉजिस्टसमोर बसून जे कळलं, ते इथे लिहिते आहे. पाय फडकतो म्हणून रात्री दीडला मोबाईल घेऊन बसणारी पोरं आपल्या गावात तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

आधी शब्दांचा घोळ. आपण कशालाही नस म्हणतो. हातावरची निळी शीर म्हणजे नस, कमरेत चमक निघाली तर नस दबली, पोटरीत गोळा आला तर नसेवर नस चढली. पण फडकतो तो स्नायू असतो आणि त्याला फडकवतो तो चेतातंतू. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूत येतो, तिथल्या प्रेरक चेतापेशीतून एक लांब तंतू निघतो, स्नायूत पोचल्यावर त्याला फांद्या फुटतात आणि एकेक फांदी एकेका स्नायूतंतूला जाऊन भिडते.

ही रचना म्हणजे मोहल्ल्यातली डीपी समजा, घराघरांत वीज वाटणारी ती पेटी. एका डीपीवर ठरावीक घरं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत काम फार बारीक, म्हणून एका चेतापेशीवर जेमतेम पाच-दहा तंतू. पोटरीत मात्र एकेका पेशीवर हजार-दोन हजार. डीपीत क्षणभर काही खटकलं की तिच्यावरची सगळी घरं एकदम लुकलुकतात आणि शेजारच्या डीपीवर कोणाला पत्ताही लागत नाही. कातडीखाली उडी दिसते ती हीच. वरून हुकूम नसताना एका चेतापेशीच्या ताब्यातले सगळे तंतू एकदम आखडतात आणि सैल होतात. डॉक्टर याला फॅसिक्युलेशन म्हणतात. बाकीच्या शेकडो डीपी शांत असतात, म्हणून पाय हलत नाही.

इटलीतल्या गाल्वानीने बेडकाची कापलेली तंगडी विजेच्या ठिणगीने उडवून दाखवली आणि 1791 साली त्यावर लिहिलं. आमच्या प्रयोगशाळेत बेडूक चालायचा त्या काळात हे आम्हीही करायचो. पण पोरं खरी दचकायची ती वेगळ्याच वेळी. मांडीपासून सोडवलेला चेतातंतू वाऱ्याने सुकायला लागला की कोणी हात न लावता पोटरी आपोआप फडफडायला लागायची! रिंगरच्या द्रावणाचे, म्हणजे शरीरातल्यासारख्या क्षारांच्या पाण्याचे, दोन थेंब टाकले की शांत. चेतातंतू असा काठावर बसलेला असतो. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचा त्याच्या आतबाहेरचा हिशेब जरा हलला, की तो न विचारता बोलायला लागतो.

आता भाच्याचा दिनक्रम बघा. नागपूरचा मे, पारा 45 ला टेकलेला. घामातून मीठ-पाणी चाललेलं. रात्रपाळीत चार कॉफ्या. दिवसा कूलर लावूनही चार तासांच्या वर झोप नाही. त्यात जिममधल्या कोणीतरी दिलेली, व्यायामाआधी घ्यायची पावडर. डबा मागवून वाचला तर तिच्यातही कॅफिन. आणि रोज पोटऱ्यांचा व्यायाम. थकलेला स्नायू आराम करताना फडकतो, हे कुठल्याही कुस्तीगिराला विचारा. याशिवाय दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, वाढलेला थायरॉईड, रक्तातलं कमी झालेलं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम, हीही कारणं असतात. म्हणून डॉक्टर काही रक्ततपासण्या सांगतात.

विदर्भात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ती खरोखर तातडीची आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा झाली तरी अंगभर स्नायू फडकतात. सोबत तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, घाम, उलट्या, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, श्वासाला त्रास. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणी करून आलेल्या माणसाला असं होऊ लागलं तर त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. बाकी या लेखातलं काहीही त्याला लागू नाही.

परत भाच्याकडे. पापणी लवायला लागली तेव्हा त्याच्या आजीने विचारलं असतं, उजवी की डावी? बाईची डावी लवली तर शुभ, पुरुषाची उजवी. शकुन कळला की विषय संपायचा. माझ्या पिढीने म्हटलं असतं, झोप काढ. याने पहाटे चार वाजता मोबाईलला विचारलं, आणि मोबाईलने पापणी, कॉफी, ताण वगैरे सांगून खाली कुठेतरी तीन अक्षरं दाखवली. नजर अडकली ती तिथेच.

भीती बसली की शरीरात दोन गोष्टी होतात आणि दोन्ही फडकणं वाढवतात. एक, ॲड्रेनॅलिन. मुलाखतीला जाताना हात थरथरतात ते यानेच. दुसरी कमी लोकांना माहीत असते. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून कमी पडतं. कॅल्शियम कमी म्हणजे चेतातंतू जास्त उतावीळ. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, स्नायू उडतात. भाच्याने त्या मुंग्याही यादीत लिहून ठेवल्या होत्या, ‘नवीन लक्षण’ म्हणून. भीतीनेच आणलेलं लक्षण भीतीच्या बाजूने साक्ष द्यायला उभं!

तिसरी गोष्ट लक्ष. कूलरमधली टपटप रात्रभर चालू असते आणि आपण ढाराढूर झोपतो. कोणी म्हणालं, “ऐक, पाणी कसं टपटपून राहिलं,” की झोप गेलीच. पोटरी आधीही उडत असणार. पहारा आता बसला.

मग खऱ्या एएलएसमध्ये काय होतं? तिथे डीपीच जळते. प्रेरक चेतापेशी मरायला लागतात. मरणारा तंतूही खटकतो, त्यामुळे फडकणं त्यातही असतं, हे खरं आहे, आणि सगळी भीती याच एका सारखेपणातून येते. पण पुढचं बघा. एक डीपी गेली की तिच्यावरच्या घरांना शेजारची डीपी तार टाकून लोड घेते. काही काळ बाहेरून काहीच कळत नाही. मग शेजारचीही जाते आणि घरं अंधारात राहतात. माणसाच्या भाषेत सांगायचं तर जोर जातो. पायातली चप्पल चालताना निसटते आणि ती निसटली हे दोन पावलांनंतर कळतं. कुलपात किल्ली फिरत नाही. शर्टाचं बटण लागत नाही. बोलणं जड होतं, पाणी पिताना ठसका लागतो. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसतो. असे रुग्ण डॉक्टरकडे जातात ते सहसा अशा तक्रारी घेऊन, आणि अनेकदा स्नायू फडकतोय हे त्यांना डॉक्टरच दाखवून देतात.

“मग स्टीफन हॉकिंग?” भाच्याचा हा प्रश्न येणारच होता. हॉकिंग यांना निदान झालं ते 21 व्या वर्षी, 1963 मध्ये, हे खरं. ते 76 वर्षं जगले, 2018 मध्ये गेले. पण त्यांची सुरुवात आठवा: ते अडखळायला लागले, जिन्यावरून पडले, वल्हवणं जड जाऊ लागलं, बोलणं अस्पष्ट व्हायला लागलं. जोरच गेला होता. शिवाय इतक्या लहान वयात हा आजार होणं इतकं विरळ आहे, की जगाला उदाहरण म्हणून हेच एक नाव पटकन आठवतं.

थोडं गणित करू. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या साधारण 24 लाख होती. युरोपात एएलएसचे नवे रुग्ण वर्षाला लाखामागे दोनच्या आसपास आढळतात. तोच दर इथे लावला तर अख्ख्या शहरात वर्षाला पन्नासच्या आत, आणि त्यातले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. उलट 1963 सालीच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी लोकांना विचारलं, तुमचे स्नायू फडकतात का? सुमारे 70 टक्के हो म्हणाले. नागपूरच्या हिशेबात हे जवळजवळ 17 लाख होतात. तान्ही पोरं वगळा हवं तर. फक्त फडकणं एवढ्याच खुणेवरून त्या पन्नासांत स्वतःला बसवायचं, तर सतरा लाखांना ओलांडून जावं लागतं.

यातून एक गोष्ट उरते: फक्त फडकणं असणाऱ्यांचं पुढे काय झालं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा 121 लोकांचा माग ठेवला, कोणाचा 2 वर्षं, कोणाचा 32 वर्षांपर्यंत, आणि 1993 मध्ये निकाल छापला. एकालाही एएलएस झाला नाही. (आपल्या नागपूरच्या मेयो रुग्णालयाचा आणि त्या मेयोचा काही संबंध नाही. हे ताईला समजवायला मला दहा मिनिटं लागली. तिला वाटलं अभ्यास सी.ए. रोडजवळ झाला.)

आता डॉक्टरांकडे जावं का? एकदा जावं, आणि नीट जावं. आम्ही रामदासपेठेत गेलो. डॉक्टरांनी व्हिडिओ दोनच पाहिले. मग त्याला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, उकिडवं बसवून हात न टेकता उठवलं. हातापायांच्या प्रत्येक सांध्याला “ढकल, ओढ” करत जोर तपासला, हातोडीने गुडघे ठोकले, तळव्यावर रेघ ओढून अंगठा कुठे वळतो ते पाहिलं, जीभ तोंडातच निवांत ठेवायला सांगून निरखली. भाच्याला हे सगळं फार साधं वाटलं. मला वाटतं सगळ्यात मोलाची तपासणी हीच. अशक्त वाटणं आणि जोर जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातला फरक हातोडी-हातांनी कळतो. पाय लटपटल्यासारखे वाटणारा माणूस चवड्यांवर टुणटुणीत चालतो. ज्याचा जोर गेला त्याला ते ठरवूनही जमत नाही.

पोराची अवस्था पाहून त्यांनी ईएमजीही केली. बारीक सुई स्नायूत घालून तिथल्या विजेचा आवाज ऐकतात. डीपीच्या भाषेत सांगायचं तर घरं अंधारात पडलीत का आणि कुठल्या डीपीवर शेजाऱ्यांचा जास्तीचा लोड आलाय का, हे त्यात कळतं. माणसाला जोर गेल्याचं जाणवायच्या आधीही हे बदल दिसू शकतात. भाच्याच्या नोंदीत अधूनमधून खटके होते, बाकी सगळं जागेवर. रक्तात व्हिटॅमिन डी तेवढं कमी, तेही या उन्हाच्या गावात. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध जोडत बसू नका. “जोर आहे, रिफ्लेक्स बरोबर आहेत, ईएमजी साफ आहे. नस उडते तर उडू दे ना बाबू.” याला बिनाइन फॅसिक्युलेशन म्हणतात, म्हणजे निरुपद्रवी फडकणं. ते महिनोन्महिने टिकतं, काहींचं वर्षानुवर्षं. तेही निरुपद्रवीच.

आम्ही येताना गोकुळपेठेत थांबून तर्री-पोहे खाल्ले. प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

पाच दिवस. सहाव्या दिवशी त्याने विचारलं, “सुई बरोबर जागी गेली असेल का?”

माझ्या मते खरा आजार इथून दिसायला लागतो. त्याला हेल्थ ॲन्झायटी म्हणतात, आजाराची चिंता. ती सहा महिन्यांच्या वर ठाण मांडून बसली आणि माणसाचं रोजचं जगणं तिने गिळलं, तर डॉक्टर त्याला एका निदानाचं नाव देतात. जुना शब्द हायपोकॉन्ड्रिया होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या नियमावलीने तो काढून टाकला, आणि बरं केलं. त्या शब्दाला ‘सोंग करतो’ असा वास होता. यात सोंग कुठेच नसतं. डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थीही फडकण्याच्या या भीतीत बऱ्याच संख्येने सापडतात, कारण पुस्तक त्यांनी वाचलेलं असतं.

या चिंतेची यंत्रणा ओळखायला हवी. शंका येते, जीव घाबरा होतो, माणूस काहीतरी तपासतो, घटकाभर बरं वाटतं. हे बरं वाटणं हेच इंधन. मेंदू शिकतो की तपासलं म्हणून वाचलो, आणि पुढची शंका लवकर येते. भाचा दिवसातून पन्नासदा चवड्यांवर उभा राहायचा, जोर आहे ना बघायला. संध्याकाळी पोटऱ्या भरून यायच्या, मग तेच नवं लक्षण. टेपने पोटऱ्या मोजायचा, उजवी एक सेंटिमीटर जाड निघाली. लहानपणापासून फुटबॉलला तोच पाय मारतोय, जाड असणारच. आरशासमोर जीभ बाहेर काढून बसायचा, ती थरथरते म्हणून. बाहेर ताणून धरलेली जीभ सगळ्यांचीच थरथरते. मी माझी काढून दाखवली, माझी जास्त थरथरत होती. तो हसला, आणि तासाभराने पुन्हा आरशासमोर.

आणि त्यातला मोठा वाटा आमचा. “काही नाही झालं तुला” हे ताई दिवसातून वीसदा म्हणायची, मीही म्हणायचे. तीही तपासणीच होती, फक्त आमच्या तोंडून.

न्यूरॉलॉजिस्टनीच समुपदेशन सुचवलं तेव्हा घरात शांतता पसरली. ज्या गावात एका चौकाला लोक सर्रास पागलखाना चौक म्हणतात, तिथे “मनाच्या डॉक्टरकडे जा” हे पचायला वेळ लागतो. जावयांना काय सांगायचं, इथून सुरुवात. शेवटी तो एकटाच गेला, आम्हाला न विचारता.

उपचार सीबीटी नावाच्या, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या पद्धतीचे होते, आणि ऐकायला विलक्षण साधे. पहिल्या आठवड्यात सगळे व्हिडिओ पुसायचे. (पुसले, मग रिसायकल बिनमधून परत काढले, मग पुन्हा पुसले.) लक्षणं मोबाईलवर शोधायची नाहीत. तपासायचा झटका आला की पंधरा मिनिटं पुढे ढकलायचं, मग अर्धा तास, मग उद्यावर. फडकत असताना पायाकडे न बघता, पॅन्ट वर न करता दहा मिनिटं बसून राहायचं, आणि जीव वरखाली होतो तो होऊ द्यायचा, खाली येतो का ते बघायचं. येतो. मेंदूला हेच शिकवायचं असतं, की न तपासताही भीती ओसरते. सोबत झोप, कॉफी दुपारनंतर बंद, पावडर कचऱ्यात, पन्हं आणि लिंबू-सरबत. व्यायाम बंद करायचा नव्हता, उलट चालू ठेवायचा होता. काहींना गोळ्याही लागतात आणि त्यांचा उपयोग होतो. त्यातल्या काहींनी सुरुवातीला थरथर वाढू शकते, तेव्हा घाबरून स्वतःच बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावं.

घरच्यांसाठीही एक वाक्य ठरवून मिळालं होतं: “हे तू काल विचारलं होतंस, आज मी उत्तर नाही देत. चल, फुटाळा तलावावर चक्कर मारून येऊ.” ताईला हे निर्दयीपणाचं वाटलं. पहिल्या दिवशी तिने वाक्य म्हटलं आणि लगेच पुढे जोडलं, “पण काही नाही झालं हां तुला.”

जायला-यायला कोणी नसेल, फीची अडचण असेल, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि पुन्हा डॉक्टरकडे कधी? वर सांगितलेल्या जोराच्या गोष्टी प्रत्यक्ष घडायला लागल्या तर, म्हणजे वस्तू हातून पडतात, पाऊल घसटतं, बोलणं लोकांना कळेनासं होतं, एखादा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका बारीक होतो. सोबत वजन उतरतंय आणि छातीत धडधड आहे तर थायरॉईडसाठी. फडकणं पोटरीतून मांडीत गेलं, किंवा आज जास्त आहे, एवढ्यासाठी नाही.

आता पाऊस लागला आहे. परवा जेवताना मला त्याची पोटरी फडकताना दिसली. मी काही बोलले नाही, तोही पाटवडीचा रस्सा ओरपत होता. रात्री ताईचा फोन आला, आवाज दबलेला. मला वाटलं परत सुरू झालं.

“अगं, माझा उजवा डोळा लवून राहिला दोन दिवसांपासून. काही वाईट तर नाही ना?”

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घे.